पॅनडॉकची मराठी परीक्षा: रचनेत पैकीच्या पैकी, आकड्यांत नापास

मार्कडाउनमध्ये, म्हणजे तारे-डॅशसारख्या साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, एकदाच लिहायचं आणि त्याच फाइलमधून वर्ड, पीडीएफ, ईपब, वेबपान सगळं काढायचं, ही सोय हवी असेल तर फिरून फिरून पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामपाशीच यावं लागतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी ते हास्केल भाषेत लिहिलं आणि २००६ मध्ये पहिल्यांदा खुलं केलं. खुल्या सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना आहे, पैसे लागत नाहीत. मार्कडाउनचे ढिले नियम काटेकोर करणारं कॉमनमार्क २०१४ मध्ये आलं, त्याच्या मसुद्यामागेही हेच गृहस्थ होते. म्हणजे खुणा ओळखण्याच्या बाबतीत यांच्याइतका अधिकारी माणूस सापडणं कठीण.

इंग्रजी मजकुरावर पॅनडॉक कसं चालतं यावर ढीगभर लिहिलं गेलंय. मराठी मजकूर घातला की मात्र काही गोष्टी गुपचूप बिघडतात, आणि त्या बिघडल्यात हे तयार फाइल बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही. हे परीक्षण फक्त त्याबद्दल आहे. आवृत्ती ३ च्या मालिकेतली. पर्यायांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

सहा ओळींची प्रश्नपत्रिका

तीनशे पानांचं हस्तलिखित एकदम पॅनडॉकच्या तोंडी देण्याआधी ही एवढीशी फाइल करून बघा:

```
## १९६०

१. मुंबई
२. पुणे
३. नागपूर

'मार्कडाउन'चा वापर _पुणे_करांनी केला, **पुणे (शहर)**साठी नाही.

| श्री |
```

ती एचटीएमएलमध्ये बदला. पडद्यावर जे दिसतं त्यापेक्षा आतली रचना बघणं जास्त उपयोगाचं. त्यासाठी पॅनडॉकचा 'नेटिव्ह' हा आउटपुट प्रकार आहे, पण त्यात मराठी अक्षरांच्या जागी त्यांचे दशमान क्रमांक येतात. 'म' दिसत नाही, २३५० दिसतो. माणसाला ते वाचवत नाही. 'जेसन' प्रकार घ्या, त्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि परिच्छेद कुठे सुरू झाला, यादी झाली की नाही, ठळक खूण ओळखली की नाही, सगळं उघड दिसतं.

आता एकेक ओळ.

यादी कुठे गेली?

सगळ्यात मोठा झटका इथे बसतो. '१. मुंबई, २. पुणे, ३. नागपूर' ही यादी होतच नाही. तिन्ही ओळी जोडून एक परिच्छेद होतो: "१. मुंबई २. पुणे ३. नागपूर". कारण साधं आहे. क्रमांकाच्या यादीची खूण म्हणून पॅनडॉक फक्त 0 ते 9 हेच आकडे ओळखतं. देवनागरी आकडे त्याच्या लेखी नुसता मजकूर. आणि मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या आतली नवी ओळ म्हणजे नुसती मोकळी जागा, त्यामुळे सगळं एका रांगेत येऊन बसतं. 'अ. आ. इ.' यांचंही तेच, अक्षरांच्या यादीतही रोमनच चालतं. दोष एकट्या पॅनडॉकच्या माथी मारता येणार नाही, कॉमनमार्कचा नियमही असाच आहे.

उपाय: ओळीच्या सुरुवातीला 1. 2. 3. असंच लिहा आणि आउटपुटमध्ये आकडे देवनागरी करून घ्या. वेबपानावर हे एका ओळीचं काम आहे. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीच्या 'लिस्ट-स्टाइल-टाइप'ला 'देवनागरी' हे मूल्य द्यायचं, सगळे ब्राउझर ते जाणतात. पॅनडॉक यादीच्या टॅगमध्ये स्वतःचा आकड्यांचा प्रकार लिहून ठेवतं, पण सीएसएस त्याच्यावर मात करतं, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नका. वर्डमध्ये हे सुख नाही. तिथे यादीचा क्रमांक-प्रकार हाताने देवनागरी करावा लागतो, तोही प्रत्येक यादीला.

जुनी फाइल आधीच देवनागरी आकड्यांत भरलेली असेल तर 'शोधा आणि बदला' वापरा, पण सांभाळून. ओळीच्या अगदी सुरुवातीला आलेले, पुढे टिंब आणि मोकळी जागा असलेले आकडेच बदला, त्यातही सालं वगळा. सरसकट बदललं तर "१९६०. महाराष्ट्र राज्याची स्थापना" अशी सुरुवात असलेला परिच्छेद १९६० क्रमांकापासून सुरू होणारी यादी बनून बसेल. (या एका ठिकाणी देवनागरी आकड्यांचा फायदाच आहे. इंग्रजी मजकुरात सालाने सुरू होणारं वाक्य लोकांना कायम छळतं, आपल्याकडे ते निमूट परिच्छेदच राहतं.)

यादीबद्दल आणखी दोन गोष्टी, या मराठीपुरत्या नाहीत. परिच्छेदाखाली रिकामी ओळ न सोडता यादी सुरू केली तर पॅनडॉकचं स्वतःचं मार्कडाउन तिला यादी मानत नाही, 'जीएफएम' (गिटहबचं मार्कडाउन) मानतं. गिटहबवर नीट दिसलेली फाइल पॅनडॉकमध्ये विस्कटण्याचं हे नेहमीचं कारण. दुसरं, पोटयादीचा समास. मुख्य मुद्द्याचा मजकूर जिथे सुरू होतो त्या रेषेत पोटयादी हवी. डॅशच्या यादीखाली दोन जागा पुरतात, '1.' खाली तीन लागतात आणि '10.' खाली चार. सगळीकडे दोनच जागा सोडायची सवय असेल तर नववा मुद्दा काय किंवा दहावा काय, पोटयादी बाहेर येऊन मुख्य यादीच्या पंगतीला बसते.

प्रत्ययांची भानगड

मराठीत शब्द संपला की प्रत्यय चिकटतो, मध्ये जागा न सोडता. मार्कडाउनचे नियम ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर ही भाषा नव्हती, आणि चाचणीतली पाचवी ओळ तेच दाखवते.

आधी अवतरण चिन्ह. 'स्मार्ट' नावाची सोय पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये आपोआप चालू असते. सरळ अवतरणांची वळणदार करणं, दोन डॅशची आडवी रेघ करणं, तीन टिंबांचं एक चिन्ह करणं ही तिची कामं. एकेरी अवतरण कुठे संपतं हे ठरवताना ती एकच प्रश्न विचारते: चिन्हाला लागून पुढे अक्षर आहे का? असेल तर ते बंद करणारं अवतरण नाही, इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी आहे. 'मार्कडाउन'चा यात बंद चिन्हाला लागून 'चा' आहे. झालं. अवतरण बंदच होत नाही, मग सुरुवातीचं चिन्हही अपॉस्ट्रॉफी ठरतं आणि छापून येतं ’मार्कडाउन’चा. दोन्ही चिन्हं एकाच बाजूला वळलेली. लहान अक्षरात पटकन दिसत नाही, पुस्तकाच्या पानावर मात्र मुद्रितशोधकाच्या डोळ्यांत कुसळासारखं सलतं. दुहेरी अवतरणाला हा नियम लागू नाही, म्हणून "मार्कडाउन"चा बिनचूक येतं.

एक मार्ग म्हणजे मराठी फाइलसाठी इनपुट प्रकाराच्या नावापुढे वजा चिन्ह लावून 'स्मार्ट' बंद करायचं आणि वळणदार अवतरणं स्वतः टाइप करायची. दुसरा, नियम म्हणून दुहेरीच वापरायची. प्रकाशनाचं काम असेल तर पहिला मार्ग बरा, कारण मग यंत्र मध्ये नाक खुपसत नाही. त्यात डॅशची आणि टिंबांची जबाबदारी आपल्यावर येते, एवढं लक्षात ठेवा.

आता अधोरेघ. '_पुणे_करांनी' हे तिरकं होत नाही, दोन्ही अधोरेघा तशाच छापल्या जातात. शब्दाच्या पोटातली अधोरेघ खूण मानायची नाही, असा नियम आहे. फाइलींची आणि व्हेरिएबलची नावं वाचावीत म्हणून तो आला. तारांकनाला हे बंधन नाही, '*पुणे*करांनी' चालतं. मराठीत लिहिताना अधोरेघ सोडूनच द्या.

ठळक कंसाच्या परीक्षेत मात्र पॅनडॉकचं मार्कडाउन सरस ठरतं. '**पुणे (शहर)**साठी' यात बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी कंस आहे आणि नंतर लगेच 'सा'. कॉमनमार्कच्या नियमानुसार बंद खुणेच्या आधी विरामचिन्ह असेल तर पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवं. म्हणून इनपुट प्रकार 'जीएफएम' किंवा 'कॉमनमार्क' ठेवला तर चार तारे जसेच्या तसे मजकुरात लटकतात. पॅनडॉकचं स्वतःचं मार्कडाउन इतकी चौकशी करत नाही, ठळक करून मोकळं होतं. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या चिनी-जपानी लेखकांनाही हाच नियम नडतो, आपण त्याच रांगेत उभे आहोत. तेव्हा मराठीसाठी इनपुट प्रकार निवडायला मिळत असेल तर 'मार्कडाउन'च निवडा.

उभी रेघ म्हणजे दंड नव्हे

शेवटची ओळ '| श्री |'. आउटपुटमध्ये डावीकडची रेघ गायब आणि "श्री |" एवढंच शिल्लक. ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि मोकळी जागा आली की पॅनडॉक तिला 'लाइन ब्लॉक' समजतं, म्हणजे ओळींची मोड जपायचा मजकूर. कविता आणि पत्ते लिहायला ही सोय फार छान आहे: प्रत्येक ओळीआधी उभी रेघ टाका, ओळी तुटत नाहीत, सुरुवातीची जागाही जपली जाते. ओव्या, अभंग, आरत्या टाइप करणाऱ्यांनी दंडाऐवजी कळफलकावरची उभी रेघ वापरली असेल तर मात्र ही सोय उलटते. खरा दंड '।' हे वेगळं अक्षर आहे, मार्कडाउनमध्ये त्याला काही अर्थ नाही, म्हणून ते सुरक्षित. रूपांतराआधी सगळ्या उभ्या रेघा शोधून खरे दंड करून घ्या. कोष्टकात तर त्या बदलायलाच हव्यात, नाहीतर एका ओवीचे तीन रकाने होतील.

कोष्टकांचा विषय निघालाच आहे तर: उभ्या रेघांचं 'पाइप' कोष्टक वापरा, बाकीचे प्रकार विसरा. साधं, बहुओळी आणि 'ग्रिड' कोष्टक यांत रकान्याची हद्द अक्षरांच्या जागेवरून ठरते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरं यांमुळे एडिटरमध्ये सरळ दिसणारी रेघ पॅनडॉकच्या मोजणीत सरळ असेलच असं नाही. पाइप कोष्टकाला रेघ जुळवायची गरजच नाही. एका घरात दोन परिच्छेद किंवा यादी बसवता येत नाही, एवढीच त्याची उणीव.

शीर्षकं आणि दुवे

'## १९६०' या शीर्षकाला पॅनडॉकने 'सेक्शन' अशी ओळखखूण दिली. खूण बनवताना पहिल्या अक्षरापर्यंतचं सगळं छाटलं जातं, आणि इथे अक्षर एकही नाही. "१. प्रस्तावना" असेल तर खूण होते 'प्रस्तावना'. इथवर ठीक. पण खुणा रोमनच हव्यात म्हणून कुणी 'आस्की आयडेंटिफायर्स' हे एक्स्टेंशन चालू केलं तर गंमत होते: रोमन नसलेली अक्षरं गाळली जातात, काही उरत नाही, आणि पुस्तकातली सगळी मराठी शीर्षकं 'सेक्शन', 'सेक्शन-१', 'सेक्शन-२' अशी शाळेतल्या तुकड्यांसारखी उभी राहतात. मध्ये एक प्रकरण घातलं की पुढचे सगळे दुवे एक घर सरकतात. ज्या शीर्षकाला कुठून तरी दुवा द्यायचा आहे त्याच्यापुढे महिरपी कंसात स्वतःची रोमन खूण लिहून टाका.

मजकुराखाली रिकामी ओळ न सोडता तीन डॅश टाकले तर वरची ओळ दुसऱ्या पातळीचं शीर्षक होते, आडवी रेघ येत नाही. ही चूक इतकी नेहमीची आहे की अनुक्रमणिकेत एखादं अख्खं वाक्य दिसलं की आधी तिथेच बघावं. फाइलच्या डोक्यावरच्या माहितीत नावाचा आणि भाषेचा रकाना रोमन नावांनीच द्यायचा, आणि पुस्तकाच्या नावात अपूर्णविराम असेल तर ते पूर्ण नाव अवतरणात ठेवायचं. "पाणी: एक प्रश्न" अवतरणाशिवाय लिहिलं तर पॅनडॉक तिथेच चूक दाखवून थांबतं. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केलेला "दु:ख" मात्र निभावतो, कारण त्यापुढे मोकळी जागा नसते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो चूकच, ते वेगळं.

तळटीपा निर्धोक. खुणेत देवनागरी आकडा किंवा शब्द दिला तरी चालतो, वर्डमध्ये खऱ्या तळटीपा होतात.

वर्ड: अर्धं काम पॅनडॉकचं, अर्धं आपलं

वर्डची फाइल रचनेने इतकी स्वच्छ येते की जुळणी करणारे खूश होतात. शीर्षकांना शीर्षकाच्या शैली, परिच्छेदांना परिच्छेदाच्या. फाँट मात्र बहुधा 'मंगल' उगवतो. तो बदलायला पॅनडॉककडून 'रेफरन्स' फाइल काढून घ्यायची, तिच्या शैली बदलायच्या आणि पुढच्या वेळी ती सोबत द्यायची. इथे बहुतेक जण फसतात: शैलीत फाँट बदलतात, तरी मराठी अक्षर तसंच. वर्डमध्ये लॅटिन मजकुराचा फाँट वेगळा आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा वेगळा, देवनागरी दुसऱ्यात मोडते. शैली बदलताना फाँटच्या खिडकीतला तोच खालचा भाग बदलायचा, आकारही तिथलाच. लिब्रेऑफिसमध्ये 'सीटीएल फाँट' हा त्याचा भाऊ, भाषेच्या सेटिंगमध्ये तो आधी चालू करावा लागतो.

शैली कुठल्या बदलायच्या? 'बॉडी टेक्स्ट', 'फर्स्ट पॅराग्राफ' (शीर्षकानंतरचा पहिला परिच्छेद, पॅनडॉक त्याला वेगळा ठेवतं), 'कॉम्पॅक्ट' (घट्ट याद्या), 'ब्लॉक टेक्स्ट' (उतारे) आणि शीर्षकं. कवितेसाठी वेगळी शैली हवी असेल तर तीन अपूर्णविरामांच्या चौकटीत 'कस्टम-स्टाइल' द्या, ती थेट वर्डच्या शैलीत उतरते. या एका सोयीसाठी पॅनडॉकला झुकतं माप द्यायला हरकत नाही.

पीडीएफ: इथे धीर लागतो

काहीच न सांगता पीडीएफ मागितली तर पॅनडॉक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतल्या पीडीएफलाटेककडे जातं, आणि ते पहिल्याच देवनागरी अक्षराला अडतं. 'पीडीएफ-इंजिन' म्हणून त्याचाच भाऊबंद झीलाटेक दिलं तर फाइल बनते, पण मराठीच्या जागी कोरं पान, कारण मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. टर्मिनलवर 'मिसिंग कॅरेक्टर'चे इशारे रांगेने येतात, ते वाचा. 'मेनफाँट' म्हणून मुक्ता हा फाँट द्या, त्यात रोमन अक्षरंही नीट आहेत. कोडचे तुकडे असतील तर 'मोनोफाँट'ही द्या, नाहीतर फक्त तेवढ्यांत मराठी गायब होईल.

एवढं करूनही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि जोडाक्षरं पाय मोडलेली दिसली, तर 'मेनफाँटऑप्शन्स'मध्ये स्क्रिप्ट म्हणून देवनागरी लिहायचं राहिलं आहे. लुआलाटेक वापरत असाल तर रेंडरर म्हणून हार्फबझही तिथेच द्या. भाषा म्हणून मराठी दिली आणि फाँटमध्ये मराठी रूपं असली तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. वेबपानावर हेच काम भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड दिल्याने होतं.

तिरक्या अक्षराचं काय? देवनागरी फाँटांना बहुधा तिरकं रूप नसतं, त्यामुळे एका ताऱ्याने दिलेला जोर पीडीएफमध्ये चुपचाप सरळ अक्षरात विरतो. तिरो देवनागरी मराठी हा अपवाद, त्याला तिरकं रूप आहे, पण ठळक नाही. म्हणजे एकाला झाकावं तर दुसरं उघडं. दुसऱ्या फाँटचं ठळक रूप 'मेनफाँटऑप्शन्स'मध्ये जोडून देता येतं, किंवा मराठी पुस्तकात तिरकं अक्षर हवंच का, हा प्रश्न आधी सोडवावा.

लाटेकचा गिगाबाइटांचा पसारा नको असेल तर ३ च्या मालिकेत टाइप्स्ट इंजिनही चालतं. ते एकाच छोट्या फाइलचं आहे आणि जोडाक्षरं नीट लावतं. लेख, अहवाल, माहितीपत्रकं यांसाठी ते बस्स.

विंडोजवाल्यांसाठी

आउटपुट नेहमी 'ओ' पर्यायाने फाइलच्या नावावर काढा. जुन्या पॉवरशेलमध्ये '>' या चिन्हाने फाइलीत ढकललं तर ती यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते आणि मराठीचा चुराडा होतो. जुन्या नोटपॅडमधलं 'युनिकोड' हेही यूटीएफ-१६ च, पॅनडॉकला यूटीएफ-८ हवं. एचटीएमएल काढताना 'स्टँडअलोन' विसरलात तर पानात लिपीची घोषणाच नसते आणि ब्राउझर परक्या अक्षरांची खिचडी दाखवू शकतो.

आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या वर्ड फाइली पॅनडॉकला देऊन मार्कडाउन होईल अशी आशा ठेवू नका. त्या फाइलींत मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच आहेत, फाँटने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलाय. पॅनडॉक मुखवटा काढून आतलं जसं आहे तसं हातात देतं. आधी युनिकोड करून घ्या, मग या.